सात वाजताचे 'आहे'

थोरलीच्या नावापुढे रोज सकाळी बरोबर सात वाजता 'आहे' हा शब्द उमटत होता आणि नेमका त्यानेच आईच्या जिवाला घोर लावला होता. तो उमटला नसता तर काय करायचे ते ठरलेले होते. उमटतो आहे म्हणून काय करायचे, हे कुठल्याच नियमात लिहिलेले नव्हते.

धाकटीला फोनवर सांगून पाहिले, तर ती म्हणाली, "तुला सुख दुखतंय, आई. मुलगी रोज सांगतेय मी आहे म्हणून, आणि तू म्हणतेस तेच वाईट."

"पण रोज सातलाच कसं गं?"

"शिस्तीची आहे ती. तुझ्यावर गेलीय."

आई शिस्तीची होती हे खरे. पण शिस्तीचा माणूस सातच्या आसपास असतो. सातवर कुणीच नसतो. एकोणतीस वर्षे शाळेच्या कचेरीत शिक्षकांची हजेरी सांभाळलेल्या बाईला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी तिने तेव्हा विषय वाढवला नाही.

थोरली आता बेचाळीस वर्षांची. एका मोठ्या रुग्णालयात एक्स-रे काढते. दिवसभर काचेपलीकडे उभी राहून अनोळखी माणसांना सांगते, "श्वास घ्या. रोखा. सोडा." एकदा सुट्टीत आईकडे आली होती तेव्हा झोपेतच "रोखा" म्हणाली आणि शेजारच्या पलंगावर आईने खरोखर श्वास रोखून धरला. "सोडा" काही ती म्हणाली नाही. सकाळी दोघी त्यावर पोट धरून हसल्या.

लहानपणापासून तिला एक खोड होती. शाळेतून आली की बूट न काढता दारातच उभी राही आणि विचारी, "कोण आहे?" आई स्वयंपाकघरात असो, न्हाणीघरात असो, तिने तिथूनच ओरडून "आहे" म्हणायचे. मग स्वारी आत येणार. एकदा आई गच्चीवर कपडे काढत होती आणि पोर दारात अर्धा तास दप्तर पाठीवर घेऊन उभी. शेजारीण म्हणाली, "अगं, घर तुझंच आहे ना, जा की आत." तर म्हणते, "आत कोण आहे ते अजून कळलं नाही."

शेजारीण हसली. आई हसली नाही. ही खोड कुठून आली ते तिला माहीत होते. थोरली आठ वर्षांची असताना एका दुपारी शाळेतून आली, तर वडील पलंगावर झोपलेले होते. त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून ती पावले न वाजवता वावरली. जमिनीवर बसून अभ्यास केला. तहान लागली तरी हंड्यावरचे झाकण वाजेल म्हणून पाणी घेतले नाही. आई धाकटीला पाळणाघरातून घेऊन सहा वाजता घरी आली, तेव्हा कळले की ती झोप नव्हती. तोवर ती पोर तीन तास वडिलांच्या उशाशी बसलेली होती. त्या तीन तासांत तिने काय पाहिले, काय ओळखले, हे आईने कधी विचारले नाही. विचारायला हवे होते की नको होते, याचा निवाडा चौतीस वर्षांत झालेला नव्हता.

पुढे थोरलीचे लग्न झाले, सात वर्षे टिकले, मग भांडण ना तंटा, दोघांनी दोन घरे केली. ती एका मोठ्या वस्तीत, पाच मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एकटी राहू लागली. तिच्या डोक्यावर, पाचव्या मजल्यावर, शिवणकाम करणारी एक बाई होती. तिच्या मशीनची खडखड उशिरापर्यंत चाले. एका हिवाळ्यात ती बाई घरात मेलेली सापडली. सापडली ती नवव्या दिवशी.

"नऊ दिवस मी तिच्या खाली होते, आई," थोरली फोनवर म्हणाली होती. "खडखड बंद झाली म्हणून मला बरं वाटत होतं. मी इतकी छान झोपले त्या आठवड्यात."

दोन महिन्यांत तिने ती वेबसाइट उभी केली. सांगाडा धाकटीने करून दिला, कारण धाकटीचा तो पोटापाण्याचा धंदाच. बाकी सगळे थोरलीचे. वस्तीत एकटी राहणारी जी माणसे असतील त्यांची यादी. प्रत्येकाच्या नावापुढे रोजची एक रिकामी चौकट. सकाळी नऊच्या आत प्रत्येकाने आपल्या चौकटीत 'आहे' एवढा शब्द लिहायचा. लिहिला की ओळ हिरवी. नऊ वाजून गेले तरी शब्द नसला की ओळ लाल, आणि त्या गल्लीच्या स्वयंसेवकाने उठून जाऊन दार वाजवायचे. वेबसाइटला चांगले लांबलचक नाव होते, पण लोक तिला 'फळा' म्हणत.

पहिली बैठक वाचनालयाच्या मागच्या खोलीत झाली. अकरा स्वयंसेवक जमले. आईही त्या दिवशी तिथे होती, कोपऱ्यात बसून सगळ्यांना चहा ओतून देत होती. कोर्टातून निवृत्त झालेले एक टायपिस्ट उठून म्हणाले, "बाई, म्हातारी माणसं. शब्द कशाला लिहायला लावता? एक बटण द्या. दाबलं की झालं."

"बटण काय, मांजर पण दाबेल, काका. शब्द माणूसच लिहितो."

"माझं मांजर टायपिंगची परीक्षा पास आहे."

खोलीभर हशा पिकला. थोरलीही हसली. पण नियम तोच राहिला, आणि पहिला राहिला: शब्द ज्याचा त्याने लिहायचा. दुसऱ्यासाठी कुणी लिहायचा नाही, मायेपोटीही नाही.

दीड वर्ष फळा छान चालला. यादी एकशे चाळीस माणसांवर गेली. न्हाणीघरात घसरून पडलेली एक निवृत्त शिक्षिका फळ्यामुळे दोन तासांत सापडली आणि वाचली. थोरलीने आपले स्वतःचे नावही यादीत घातले, कारण तीही एकटीच होती. आणि तीन तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावात राहणाऱ्या आईचेही घातले. शेवटची ओळ, 'लांबची' म्हणून. ती लाल झाली तर दार वाजवायला कुणी नव्हते, म्हणून थोरली स्वतः फोन करणार असे ठरले. एकदाच तशी वेळ आली. नऊ वाजून दोन मिनिटांनी फोन खणखणला.

"कुठे आहेस?"

"दुधाला गेले होते गं."

"दुधाला जाण्याआधी दोन अक्षरं लिहायला काय होतं?"

"तू माझी आई की मी तुझी?"

"नऊ वाजेपर्यंत मी," थोरली म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

थोरलीच्या बरोबर खाली, तिसऱ्या मजल्यावर, एक म्हातारे घड्याळ दुरुस्त करणारे राहत. सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. ऐंशीच्या पुढचे, डोके तल्लख, पण बोटे थरथरत. दोन अक्षरे लिहायला पाच मिनिटे लागत आणि भलतेच काहीतरी उमटे. एकदा 'आहे'च्या जागी 'अहो' आले, तेव्हा सगळी गल्ली त्यांना विचारत होती, कुणाला हाक मारताय म्हणून.

त्यांची गल्ली टायपिस्टकाकांकडे होती. काका समोरच्याच इमारतीत राहत. सुरुवातीला ते रोज सकाळी रस्ता ओलांडून, तीन जिने चढून घड्याळजींशेजारी बसत आणि त्यांचा हात धरून शब्द लिहून घेत. मग काकांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. तेव्हा घड्याळजींनीच तोड काढली. ते रोज रात्री निजताना खिडकीचा पडदा ओढत आणि उठले की बाजूला सारत. "पडदा उघडा दिसला की समजा, उठलो," ते म्हणाले, "आणि माझ्या वतीने तुम्हीच लिहून टाका." दोन म्हाताऱ्यांचा आपसातला करार. थोरलीला कुणी बोलले नाही. सात महिने पडदा रोज बंद होत राहिला, रोज उघडत राहिला, आणि काकांची सराईत बोटे समोरच्या खिडकीकडे बघत शब्द लिहीत राहिली.

मग एका संध्याकाळी पडदा ओढायला कुणी उठलेच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी पाहिले, पडदा उघडा. लिहिले, आहे. तिसऱ्या दिवशी, आहे. चौथ्या दिवशी, आहे. पाचव्या दिवशी रक्तदाब मोजायला आलेल्या नर्सबाईंना दार कुणी उघडेना, म्हणून त्या वर जाऊन थोरलीला घेऊन आल्या. थोरलीकडे किल्ली होती. घड्याळजी खिडकीपाशी खुर्चीत होते, मांडीवर भिंग. थोरली त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी असतानाच तिच्या हातातला फोन किंचित थरथरला आणि त्यांची ओळ हिरवी झाली. घड्याळजी: आहे.

तिने वर पाहिले. समोरच्या खिडकीत टायपिस्टकाका फोन खाली ठेवत होते. तिला तिथे पाहून त्यांनी हात हलवला.

हे सगळे थोरलीने त्याच संध्याकाळी आईला सांगितले. रडली नाही. एक्स-रे वाचून दाखवावा तसे एकेक सांगितले, आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे चार दिवस मी त्यांच्या डोक्यावर चालत होते."

"काढून टाक त्या टायपिस्टला," आई म्हणाली. "एक दिवस ठेवू नकोस तसला माणूस."

थोरलीने काढले. सगळ्यांसमोर, वाचनालयाच्या त्याच खोलीत. "काका, उद्यापासून येऊ नका," एवढेच म्हणाली म्हणे. दुसऱ्या दिवशी काकांचा आईला फोन आला. आणीबाणीत कळवायचे म्हणून थोरलीने आपल्या गल्लीच्या स्वयंसेवकाकडे, म्हणजे काकांकडेच, आईचा नंबर देऊन ठेवला होता.

"ताई, मी खोटं लिहिलं नाही हो. मला ते रोज दिसत होते."

"तुम्हाला पडदा दिसत होता."

"हो," ते म्हणाले. "पडदा."

"माझ्या मुलीला चारचौघांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर एकेक स्वयंसेवक गळत गेला. कुणाला घरी काम निघाले, कुणाची पाठ धरली. अकरांचे चार उरले. थोरलीने उरलेल्या सगळ्या गल्ल्या स्वतःकडे घेतल्या. पहाटे उठून, कामावर जाण्याआधी, ती दारे वाजवत फिरू लागली. लाल ओळींची तर वाजवेच, हिरव्या ओळींचीही वाजवू लागली. ज्यांनी नुकतेच 'आहे' लिहिले होते ती माणसे दात घासता घासता दार उघडत आणि समोर ही उभी, त्यांच्याकडे टक लावून बघत. एका निवृत्त पोस्टमनने तिला सरळ सुनावले, "मी आहे, बाई. तुम्हीच आहात का ते बघा एकदा."

हे तिने आईला फोनवर सांगितले. आईला हसू आले. पलीकडे कुणी हसले नाही.

"फळा बघून काही कळत नाही, आई," थोरली म्हणाली. "शब्दाचं काय, कुणीही लिहितं."

"तू जेवतेस का वेळेवर?"

"हं."

"मी येऊ का चार दिवस?"

"नको." मग म्हणाली, "आणि थोडे दिवस फोन नको करूस. मला बोलायला लागलं की दमायला होतं. माझं 'आहे' दिसलं की समज."

हा दोघींचा शेवटचा फोन. आपली मुलगी एकाच दमात शब्दाचा काही भरवसा नाही म्हणाली आणि त्याच शब्दावर आपल्याला सोपवून मोकळी झाली, हे आईच्या लक्षात यायला तीन-चार दिवस लागले.

त्या दिवसापासून तिने खरोखर फोन केला नाही. पोरीने मागितले ते दिले. सकाळी उठून चहाचे आधण ठेवायचे, फोन उघडायचा, आपल्या ओळीत एका बोटाने 'आहे' लिहायचे आणि वर सरकून थोरलीची ओळ बघायची. हिरवी. मग दिवस सुरू. मधूनच एखादा निरोप पाठवला की पाठोपाठ उत्तर येई, "ठीक आहे. कामात आहे, नंतर बोलते." नंतर काही बोलणे होत नसे.

असेच आठवडाभर गेल्यावर टायपिस्टकाकांचा पुन्हा फोन आला होता. आई भाजी चिरत होती. पलीकडून घाईघाईचा आवाज, "ताई, ठेवू नका, एकच सांगतो, तिच्या खिडकीचा पडदा..."

पुन्हा पडदा. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "झालं ते उगाळत बसू नका," म्हणून तिने फोन ठेवला आणि राहिलेली भाजी वाकडीतिकडी चिरली.

त्याच्या आदल्या-नंतरच्या कुठल्याशा सकाळी तिची नजर पहिल्यांदा शब्दाखालच्या बारीक आकड्यांवर गेली. कुणी किती वाजता लिहिले ते फळ्यावर शब्दाखाली येई. थोरलीच्या ओळीत सात. आदल्या दिवशी सात. त्याच्या आदल्या दिवशी सात. ती बोटाने मागे मागे सरकत गेली. दोन महिन्यांपूर्वी तिथे सहा बावन्न होते, सात दहा होते, एका रविवारी आठ अठ्ठावन्न होते आणि शब्दापुढे 'बाई एकदाची' असे जोडलेले होते. एकदा नुसते 'आहे गं' होते, ते आईसाठीच असणार. आणि मग शेवटचा फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सात, सात, सात.

खरी हजेरी कशी दिसते ते आईला माहीत होते. खऱ्या हजेरीत शाई बदलते, एखादी सही घाईची असते, एखादी पावसात भिजून पसरलेली असते, एखाद्या दिवशी चुकून दुसऱ्याच्या रकान्यात गेलेली असते. महिन्याची हजेरी एका बैठकीत बसून भरली की सगळ्या सह्या शहाण्या मुलांसारख्या रांगेत उभ्या राहतात. अशी पाने तिने मुख्याध्यापकांपुढे कितीदा उघडून ठेवली होती. "सर, या बाई इथे नव्हत्या." "कशावरून?" "फारच नीट आहे."

तिने पुन्हा धाकटीला फोन लावला. सोमवारची दुपार होती.

"मशीनकडून लिहून घेता येतं का गं तो शब्द?"

"येतं की. दोन ओळींचं काम. एकदा लावून ठेवलं की रोज ठरल्या वेळी लिहील."

"किती दिवस?"

"बंद करेपर्यंत."

"आणि बंद करायला कुणी नसलं तर?"

धाकटीच्या मागे कचेरीतल्या खुर्च्या सरकत होत्या. "काहीतरीच बोलू नकोस," ती म्हणाली. "आणि नियम कुणाचा? तिचाच ना? शब्द ज्याचा त्याने लिहायचा. ती कशाला मशीन लावेल?"

"तेच तर विचारतेय."

"दमली असेल. सकाळी दारं वाजवायला पळते, म्हणून लावलं असेल. तू राईचा पर्वत करतेस. उद्यापर्यंत थांब, मी रात्री तिला फोन करते."

रात्री धाकटीचा निरोप आला: उचलत नाही, पण 'ठीक आहे, कामात आहे' असे उत्तर आले, म्हणजे बरी आहे. आईने तो निरोप दोनदा वाचला. तिच्याही फोनमध्ये तेच शब्द होते. अक्षर ना इकडे, ना तिकडे.

आज मंगळवार. सकाळी सातच्या आधीच ती खिडकीपाशी फोन घेऊन बसली. सहा एकोणसाठला थोरलीची चौकट रिकामी होती. सात वाजले आणि ती भरली. आईने ती भरताना पाहिली. कुणी बोट उचलल्यासारखे वाटले नाही.

मग तिने आपल्या ओळीवर बोट नेले आणि तिथेच थांबली.

लिहायचे नाही, असे तिने ठरवले. आज 'आहे' लिहायचे नाही. जगात कुठेही असली, दमलेली असली, चिडलेली असली, तरी आईची ओळ लाल झालेली थोरलीला सहन होणार नाही. मागे दोन मिनिटांत फोन आला होता. दारात दप्तर घेऊन उभी राहिलेली पोर ती. आतून उत्तर आले नाही तर ती जागची हलणार नाही.

आठ वाजले. चहा गाळला तो तसाच राहिला. साडेआठला वरच्या घरातली मुले शाळेला निघाली, जिन्यात बूट वाजले. नऊला पाच कमी असताना तिला वाटले, हा पोरखेळ झाला, लेकीच्या काळजाशी असे खेळू नये, लिहून टाकावे. तिने लिहिले नाही. नऊ वाजले आणि एकशे चाळीस ओळींच्या तळाशी तिची ओळ लाल झाली.

नऊ वाजून दोन मिनिटे. फोन टेबलावर उलटा ठेवला होता, तो सुलटा केला.

नऊ वाजून दहा.

वीस मिनिटे ती लाल ओळीकडे बघत बसली. लाल ओळ म्हणजे कुठेतरी कुणीतरी दार वाजवायला निघाले आहे, अशी तिची आजवर समजूत होती. आज ती स्वतः लाल होती आणि कुणीही निघालेले नव्हते.

साडेनऊला तिने बंदी मोडली आणि थोरलीला फोन लावला. घंटा पूर्ण वाजून थांबली. लगेच निरोप आला. "ठीक आहे. कामात आहे, नंतर बोलते." फोन न उचलता आपोआप जाणारे उत्तर. तिने दुसऱ्यांदा लावला. तेच उत्तर, त्याच शब्दांत, पहिल्याच्या खाली.

तिसरा फोन तिने रुग्णालयात लावला आणि एक्स-रे विभाग मागितला. कुणीतरी पुरुष बोलला. मागे एक म्हातारी खोकत होती.

"त्या रजेवर आहेत. दोन आठवडे झाले असतील."

"कुठे गेल्या आहेत काही कळेल का?"

"आईकडे जाते म्हणाल्या होत्या. आईला बरं नाही म्हणून. आपण कोण?"

"ओळखीची," आई म्हणाली.

"काही निरोप ठेवायचा आहे?"

"नाही."

फोन ठेवल्यावर तिने उठून बसची वेळ पाहिली. पुढची गाडी अकराला, पोचायला दोन वाजणार. तेवढा वेळ थांबवत नव्हते. पोलिसांना फोन करावा, तर सांगायचे काय? मुलगी रोज वेळेवर 'आहे' म्हणते, अशी तक्रार? तिने फळा उघडला आणि थोरलीच्या ओळीवर बोट ठेवले. प्रत्येक ओळीच्या टोकाला त्या घराचे दार कुणी वाजवायचे त्याचे नाव असे. थोरलीच्या ओळीच्या टोकाला टायपिस्टकाकांचे नाव होते आणि ते खोडलेले होते. पुढे काही नव्हते. सगळ्या वस्तीची दारे वाजवणाऱ्या बाईचे दार वाजवायला कुणी नेमलेलेच नव्हते, आणि ओळ हिरवी असल्यामुळे ते कुणाच्या ध्यानातही आले नव्हते.

खोडलेल्या नावाकडे बघता बघता तिला तो दुसरा फोन आठवला. चिरायला घेतलेली भाजी, घाईघाईचा आवाज. एकच सांगतो, तिच्या खिडकीचा पडदा.

तिच्या की त्यांच्या?

आईने डोळे मिटून तो आवाज पुन्हा कानाशी आणला. त्या दिवशी तिने 'त्यांच्या' असेच धरले होते, घड्याळजींच्या, म्हणून तर ती चिडली होती. पण म्हातारा घड्याळजींचे गाऱ्हाणे पुन्हा घेऊन आला असता तर त्याचा आवाज एवढा घाईचा कशाला झाला असता? त्याने आपली चूक एकदा कबूल केली होती. समोरच्या इमारतीतून तिसऱ्या मजल्यावर बघणारा माणूस मान वर केली की चौथा मजला बघतो. सात महिने पडदा बघून बघून ज्याची नजर तशीच वळलेली, तो खिडकीत बसून आता कुणाचा पडदा बघत असेल?

तिच्या. तो 'तिच्या'च म्हणाला होता. आणि आपण फोन ठेवला. आठ दिवस झाले त्याला.

नंबर शोधावा लागला नाही. आलेल्या फोनांच्या यादीत खाली तो होता, नावाशिवाय, कारण तो नावाने साठवून ठेवावा अशी तेव्हा तिची इच्छा नव्हती. या माणसाला एक दिवस ठेवू नकोस, असे सांगणारी ती स्वतःच. आता त्यालाच म्हणायचे होते की काका, माझं चुकलं, तुमचे गुडघे दुखतात हे मला माहीत आहे, पण चार जिने चढा. खालच्या दुकानदाराला बरोबर घ्या, दार फोडावं लागलं तर फोडा, पण आधी खिडकीशी जा आणि मला सांगा. पडदा उघडा आहे की ओढलेला? आणि कधीपासून?

तिने डोळे पुसून चष्मा नीट केला आणि त्या नंबरावर बोट ठेवले.